जमिनीखालचा कवडसा

ठाण्याच्या खारकर आळीतल्या आमच्या जुन्या घरावर मंगलोरी कौले होती आणि स्वयंपाकघराच्या बरोबर वर, त्या कौलांमध्ये एकच एक काचेचे कौल बसवलेले होते. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती लागून होत्या. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या त्या खोलीत दिवसाउजेडी जे काही दिसे, ते त्या एका कौलाच्या कृपेने. सकाळी आठ-साडेआठला त्यातून पहिले ऊन आत उतरे आणि पश्चिमेच्या भिंतीवर, फडताळाच्या वरच्या कडेला, तळहाताएवढा कवडसा पडे. मग तो हळूहळू भिंतीवरून खाली येई, जमिनीवर उतरे, पाट्या-वरवंट्याजवळून पुढे सरके आणि तिसऱ्या प्रहरी पूर्वेच्या भिंतीवर चढू लागे. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हते आणि आजीला त्याची गरजही वाटत नसे. “कवडसा फडताळाच्या खालच्या फळीवर आला गं, वेणी घालून घे, शाळेला उशीर होईल,” असे ती चुलीकडे तोंड करूनच म्हणे, आणि बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात खरोखरच तेवढे वाजलेले असत.

मार्गशीर्षात कवडसा उत्तरेच्या कोपऱ्याकडे झुकायचा, वैशाखात तो थेट कौलाखाली यायचा, आणि श्रावणात दिवसचे दिवस यायचाच नाही. त्याच्या तिरप्या झोतात पिठाचे आणि धुराचे कण वरखाली फिरताना मी तासन्‌तास पाहिले आहेत. उजेड सगळीकडेच असतो, ऊन अंगणात असते. कवडसा मात्र आत येतो, जिथे त्याला वाट नाही अशा ठिकाणी एखाद्या फटीतून, एखाद्या काचेतून वाट काढून येतो. म्हणूनच आपल्या भाषेने त्याला वेगळे नाव दिले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

हे सारे मला इतक्या वर्षांनी एकदम आठवले ते न्यूयॉर्कमध्ये, आणि तेही भुयारी रेल्वेच्या स्थानकात.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी जर्सी सिटीला गेले होते. दिवस फेब्रुवारीचे होते. थंडीमुळे खिडक्या बंद, सूर्य उशिरा उगवणार आणि लवकर मावळणार, आणि घरात बाळंतिणीच्या खोलीला पडदे ओढलेले. जावई घरून काम करत असे तो मंगळवारचा दिवस, त्यामुळे मंगळवारी दुपारी मुलगी मला आग्रहाने बाहेर पाठवी. “आई, जरा फिरून ये, तुलाही मोकळे वाटेल,” असे ती म्हणायची. हडसन नदीखालून जाणाऱ्या पाथ रेल्वेने मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या स्थानकात मी पहिल्यांदा एकटी उतरले, तेव्हा बाहेरच्या वाऱ्याच्या भीतीने जमिनीखालच्या वाटेनेच पुढे जायचे ठरवले. डे स्ट्रीट नावाच्या रस्त्याखालून एक रुंद पादचारी मार्ग पूर्वेकडे जातो. त्या मार्गाने चालत असताना समोरच्या टोकाला जो उजेड दिसू लागला, तो दिव्यांचा नव्हता, हे मला अंतरावरूनच कळले. ठाणे ते व्हीटी, आणि पुढे ज्याला आपण सीएसएमटी म्हणू लागलो तिथवर, मी अडतीस वर्षे लोकलने नोकरीला गेले आहे. फलाटावरच्या नळ्यांचा उजेड आणि दिवसाचा उजेड यांतला फरक ओळखायला अशा माणसाला विचार करावा लागत नाही.

मार्ग संपला आणि मी फुल्टन सेंटर या भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या मधल्या दालनात आले. मान वर केली आणि तशीच उभी राहिले.

वर एक मोठा घुमट होता, घुमटाच्या माथ्याला गोल काचेचे छत, आणि त्या छतापासून खाली, कित्येक मजले उंचीच्या त्या पोकळीत, चांदीच्या रंगाचे एक प्रचंड जाळे लटकत होते. लटकत होते म्हणताना मी अडखळते, कारण त्यात लोंबणे नव्हते. चेंदणी कोळीवाड्यातले कोळी खाडीत पाग टाकतात, तो हवेत गोल उघडतो आणि पाण्यावर पडण्याआधी क्षणभर ताणलेला दिसतो. तो क्षण कुणी तिथेच थांबवून ठेवावा, तसे ते जाळे होते. पागाच्या कडेला शिशाचे मणी असतात आणि त्यांच्या वजनाने जाळे खाली ओढले जाते. इथे वजनाऐवजी ताण आहे. वर एक कडे, खाली एक कडे आणि दोन्हींच्या मध्ये सर्व बाजूंनी ओढून बसवलेल्या पोलादी तारा. ताण कमी पडला असता तर त्याला सुरकुत्या पडल्या असत्या.

तारांच्या प्रत्येक घरात ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा बसवलेला आहे. त्या पत्र्यांचा आकार अगदी आपल्या शंकरपाळ्यांचा, आणि त्यांना चाळणीसारखी बारीक छिद्रे आहेत. असे एकूण ९५२ पत्रे आहेत, त्यांना पेलणाऱ्या ११२ तारा आणि २२४ दांडे आहेत, आणि हे सगळे एकमेकांना जोडणारे स्टेनलेस स्टीलचे सुटे भाग जवळजवळ दहा हजार आहेत. जाळ्याची उंची ७९ फूट, म्हणजे सुमारे २४ मीटर. आपल्याकडची सात-आठ मजली इमारत त्यात उभी राहील. एवढा पसारा असूनही त्याचे ओझे वाटत नाही, कारण छिद्रांतून पलीकडचे थोडे थोडे दिसत राहते आणि पत्र्यावर जे उमटते ते धातूचे नसून आकाशाचे असते.

त्याचे नावच मुळी ‘स्काय रिफ्लेक्टर-नेट’ असे आहे. आकाश परावर्तित करणारे जाळे. काचेच्या छतातून येणारा उजेड एका पत्र्यावर पडतो, तिथून समोरच्या पत्र्यावर जातो, तिथून आणखी खाली, आणि असा हातोहात खाली येत रस्त्याच्या पातळीच्याही खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो. विहिरीवर रांगेने उभे राहून माणसे घागरी पुढे देतात, त्यातला हा प्रकार आहे. जेवढ्या कोनात प्रकाश येतो तेवढ्याच कोनात तो परत फिरतो, हा शाळेत शिकलेला नियम. पण सूर्य दिवसभर आपली जागा बदलत असताना आणि वर्षभर आपली उंची बदलत असताना ९५२ पत्र्यांचे कोन असे ठरवायचे, की कोणत्याही वेळी काही ना काही ऊन खाली उतरेल, हे काम शाळेतल्या नियमाच्या फार पुढचे आहे. जेम्स कार्पेंटर या प्रकाशाचेच काम आयुष्यभर करत आलेल्या कलावंताचे कार्यालय, ग्रिमशॉ ही वास्तुरचनाकारांची संस्था आणि अरुप ही अभियंत्यांची संस्था, अशा तिघांनी मिळून ते केले आहे. न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाचा कलेसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि हे काम त्या विभागाने करवून घेतले. कलावंत कुठे थांबला आणि अभियंता कुठे सुरू झाला, हे ते जाळे पाहून सांगता येत नाही. मला त्याचे फार मोल वाटते. इमारत बांधून झाल्यावर रिकाम्या जागी एखादे शिल्प आणून ठेवणे वेगळे, आणि इमारतीला उजेड मिळावा म्हणून जे करायचे तेच शिल्प होणे वेगळे.

दुसऱ्या मंगळवारी मी वरच्या मजल्याच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले, म्हणजे जाळे थोडे जवळून पाहता येईल. एका पत्र्यावर मी नजर ठेवली. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात फिकट निळा रंग होता, उजवीकडे खालच्या बाजूला इमारतीच्या विटांचा तांबूस पट्टा उमटला होता, आणि वरच्या टोकाशी पांढऱ्या ढगाचा नखाएवढा तुकडा हळूहळू आत येत होता. ढग पुढे सरकला तसा तो त्या पत्र्यातून निघून शेजारच्या पत्र्यात गेला. पण शेजारचा पत्रा जरा निराळ्या कोनात असल्यामुळे तिथे तो लांबट झाला आणि तिसऱ्यात गेला तेव्हा त्याची नुसती उजळ रेघ उरली. मग सूर्यच ढगाआड गेला आणि काही क्षणांत सगळे दालन वरपासून खालपर्यंत मंदावले. खालून जाणाऱ्या माणसांपैकी दोघा-तिघांनी चालता चालता वर पाहिले. ती रोजची माणसे असणार, हातात कॉफीचे पेले आणि खांद्याला पिशव्या. त्यांना बाहेर ढग आला आहे हे जमिनीखाली असताना कळले होते.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे शिकागोतले ‘क्लाउड गेट’ आपल्यापैकी अनेकांनी निदान छायाचित्रात पाहिलेले असते. स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांची ती शेंगेच्या दाण्यासारखी घडण २००६ साली पूर्ण झाली आणि आज तिच्यासमोर गर्दी मावत नाही. तिथे माणूस प्रथम स्वतःला शोधतो. वाकडातिकडा, लांबट, चपटा का होईना, आपला चेहरा त्यात सापडला की त्याला आनंद होतो. तो आनंद खरा आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण फुल्टन सेंटरमधल्या जाळ्यात कुणाचाच चेहरा दिसत नाही. ते उंचावर आहे, त्याचे पत्रे वर पाहतात, खाली पाहत नाहीत, आणि छिद्रांमुळे त्यांच्यातले प्रतिबिंब मऊ होऊन जाते. तिथे आरसा माणसाला माणूस दाखवत नाही, तर रस्त्यावरच्या उंच इमारतींनी आणि डोक्यावरच्या काँक्रीटने जे हिरावून घेतले ते आकाश परत आणून देतो. रोज दोनदा घाईने भुयारात शिरणाऱ्या माणसासाठी हे अधिक मोलाचे आहे, असे मला अडतीस वर्षांच्या प्रवासानंतर वाटते.

या स्थानकाला उजेडाची गरज का होती, हे त्याचा इतिहास वाचल्यावर नीट कळले. ज्याला आज आपण एक स्थानक म्हणून पाहतो, ती मुळात चार वेगवेगळी भुयारी स्थानके होती. पहिले १९०५ साली सुरू झाले, दुसरे १९१८ साली, तिसरे १९३१ साली आणि चौथे १९३३ साली. ती चालवणारे हात एक नव्हते. आधी खासगी कंपन्या होत्या, शेवटी शहराची स्वतःची रेल्वे आली, आणि प्रत्येक भुयार आपापल्या खोलीवर खणले गेले. एका गाडीतून दुसऱ्या गाडीकडे जायचे तर उतार, जिने आणि अरुंद बोळ यांची भुलभुलय्या पार करावी लागे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले, भोवतालच्या रेल्वेची मोठी हानी झाली, आणि त्यानंतर शहराचा हा भाग पुन्हा उभा करताना या चार स्थानकांना एका छताखाली आणण्याचे ठरले. सुमारे १४० कोटी डॉलर खर्च होऊन १० नोव्हेंबर २०१४ रोजी फुल्टन सेंटर प्रवाशांसाठी उघडले. शेजारची १८८९ सालची कॉर्बिन इमारत त्यांनी पाडली नाही; तिची डागडुजी करून तिला स्थानकातच सामावून घेतले. ज्या जागेवरून काही अंतरावर लोक धुराच्या लोटातून जीव मुठीत धरून पळाले होते, तिथे जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आकाश असावे, असे कुणाला तरी वाटले, याचा विचार करताना माझा गळा दाटून आला होता.

न्यूयॉर्कला हे करणे आपल्यापेक्षा अवघड होते. ते शहर सुमारे ४१ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो, आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला तेवढ्या उंचीचे ऊन अडवायला इमारती टपून उभ्या आहेत. ठाणे १९ अंशांवर आहे. त्याच दिवशी आपल्याकडे सूर्य ४७ अंशांपर्यंत चढतो, आणि वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली नाहीशी होते. आमच्या स्वयंपाकघरातला कवडसा वैशाखात थेट कौलाखाली का येत असे, याचे उत्तर एवढेच होते.

म्हणून मला ठाण्याविषयी फार वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या या गावाने आजवर रेल्वे जमिनीवरच पाहिली. आता ठाणे जमिनीखाली उतरणार आहे. बोरिवलीकडे जाणाऱ्या मोटारींसाठीच्या जोड बोगद्याचे काम हाती घेतले आहे, आणि केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिलेल्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोवर २२ स्थानके असतील, त्यांपैकी २ भुयारी. त्यांतल्या एका स्थानकाने रेल्वे स्थानकाच्या परिसराशी जोडून घ्यायचे आहे, म्हणजे ठाण्यातली सर्वांत दाट गर्दी जिथे उसळते तिथेच. दोनच स्थानके आहेत. संख्या थोडी आहे, म्हणूनच त्यांचा विचार मन लावून करता येईल.

न्यूयॉर्कचे जाळे उचलून इथे आणावे, असे मी म्हणत नाही. तिथल्या कमी उंचीच्या सूर्याला खाली आणायला ९५२ पत्रे लागले. आपला सूर्य वर्षातले कितीतरी महिने स्वतःच खाली उतरायला तयार असतो. आपल्याला त्याला वळवावे कमी आणि गाळावे अधिक लागेल, कारण एप्रिल-मे महिन्यांत उजेडाबरोबर उष्मा आला तर तो कुणालाच नको असेल. आणि जूनपासून चार महिने, जिथून ऊन येते तिथूनच पाणी येऊ पाहणार. काचेच्या कौलाच्या कडेने पहिल्या पावसात थेंब गळायचे, तेव्हा आजी खाली पातेले ठेवायची आणि वडील शिडी लावून कडेला डांबर भरायचे, पण ते कौल काढून साधे बसवावे असे आमच्या घरात कुणीही, कधीही म्हटले नाही. कोपनहेगनच्या मेट्रोवर रस्त्यांत काचेचे छोटे पिरॅमिड बसवले आहेत आणि त्यांतून दिवसाचा उजेड खालच्या फलाटापर्यंत जातो. तिथेही पाऊस आहे, बर्फ आहे. मार्ग निघतात. फक्त ते नकाशा काढताना शोधावे लागतात. छप्पर ओतून झाल्यावर कवडशाला वाट ठेवता येत नाही.

मुंबईची मेट्रो-३ सुरू झाल्यापासून मीही आता सीएसएमटीला उतरून पुढे भुयारातून प्रवास करते. गाडी गार आहे, वेळेवर येते, बसायला जागा मिळाली तर गुडघ्यांना फार बरे वाटते, आणि लोकलच्या दारात लोंबकळत नोकरी केलेल्या बाईला या सुखाची किंमत कुणी समजावून सांगायला नको. पण परवा सरकत्या जिन्याने वर येताना मी छत्री उघडायची की नाही, हे मला शेवटच्या पायरीपर्यंत कळले नव्हते. वर मुसळधार पाऊस पडत होता. माझ्या पुढच्या पायरीवर उभी असलेली एक शाळकरी मुलगी पाऊस पाहून आनंदाने ओरडली आणि तिच्या आईने तिचे दप्तर स्वतःच्या पदराखाली घेतले.

न्यूयॉर्कच्या शेवटच्या मंगळवारी मुलगी बाळाला घेऊन माझ्याबरोबर आली. बाळ दीड महिन्याचे झाले होते आणि आईच्या छातीशी बांधलेल्या झोळीत झोपले होते. आम्ही दोघी वर न जाता खालच्या मजल्यावर, गाड्यांकडे जाणाऱ्या माणसांच्या वाटेतून बाजूला होऊन भिंतीशी उभ्या राहिलो. एव्हाना मला त्या जाळ्याची ओळख झाली होती. दुपारी एकच्या सुमारास त्याच्या एका बाजूचे वरचे पत्रे डोळे दिपतील असे चमकतात, मग तो झोत हळूहळू दुसऱ्या बाजूला जातो, मधल्या रांगा पांढऱ्या होतात, आणि शेजारच्या मनोऱ्याआड सूर्य गेला की अगदी वरच्या दोन रांगांत तेवढी पिवळसर धग राहते आणि बाकीचे जाळे निळे पडते. ते निळे पडू लागलेले मी पाहिले.

“चल, चार वाजून गेले,” मी म्हटले, “त्याची दूध प्यायची वेळ झाली.”

मुलीने झोळी सावरत मोबाइल काढला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.